दार जरा उचलून लावा

जुन्या गाडीचा मालक ओळखायचा तर गाडीकडे बघू नये; गाडीतून उतरल्यावर तो माणूस काय करतो ते बघावं. नव्या गाडीवाला उतरतो, मागे न वळता दार ढकलतो आणि चालता चालता किल्लीवरचं बटण दाबतो. जुन्या गाडीवाला उतरतो, वळतो, एका हाताने हँडल धरतो, दुसऱ्या हाताचा तळवा दाराच्या खालच्या कडेला लावतो, गुडघ्यांत किंचित वाकतो, श्वास रोखून दार सूतभर वर उचलतो आणि मग खांद्याने लोटतो. धप्प! त्यानंतर दार खरोखर लागलं की नुसता आवाज आला, हे बघायला दोन पावलं परत येतो. हे सगळं तो मंगल कार्यालयाच्या दारात, सुटाबुटात, आहेराचं पाकीट दातांत धरूनही करतो आणि आपण काही वेगळं करतोय हे त्याच्या गावीही नसतं.

आमच्याकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. मारुती ८०० नुकतीच, १९८३ च्या डिसेंबरात, रस्त्यावर आली होती आणि सगळा देश तिच्यामागे धावत होता. आमचे वडील धावले नाहीत. "ते खेळणं आहे. पत्रा बघा, पत्रा!" असं म्हणून त्यांनी पद्मिनीसाठी नंबर लावला. पुढे कित्येक वर्षं घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी पद्मिनीचं दार बोटाच्या पेराने वाजवून दाखवलं जाई. पाहुणेही समजूतदार असत. "वा, काय पत्रा आहे!" म्हणत. मात्र एवढा जाड पत्रा रात्रंदिवस कोण धरून उभं आहे, असं कुणी विचारलं नाही. तो धरलेला असतो दोन बिजागऱ्यांनी, आणि प्रत्येक बिजागरीत असते करंगळीपेक्षा बारीक अशी एक पिन. ज्या पत्र्याचा आमच्या घराण्याला अभिमान, त्याची सगळी किंमत त्या दोन पिनांनी मोजली.

हिशेब सोपा आहे. दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालच्या बिजागरीला आत रेटतं. पिन एकाच अंगाने घासत राहते, गोल भोक हळूहळू लंबगोल होतं. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर थोडं, दाराची लांबी त्याच्या दुप्पट-अडीचपट. त्यामुळे पिनेपाशी अर्धा मिलिमीटर झिजलं की कुलपाकडची कड मिलिमीटरभर किंवा जास्तच खाली येते.

आणि या हिशेबात गुडघे धरलेले नाहीत. वयस्कर माणूस गाडीतून उतरताना सीटचा आधार घेत नाही, उघड्या दारावर भार टाकून उठतो. आमच्या वडिलांचे गुडघे साठीनंतर कुरकुरायला लागले आणि त्याच सुमाराला ड्रायव्हरचं दारही. डावीकडचं मागचं दार आजीच्या वजनाने बसलं. उजवीकडचं मागचं दार मात्र अजूनही शोरूममधून आल्यासारखं लागतं, कारण "रहदारीच्या अंगाने उतरायचं नाही" असा आजीचा दंडक होता आणि तो मोडायची हिंमत कुणात नव्हती.

तर असं दार बसल्यावर घरात एक वाक्य रुजू झालं. "दार जरा उचलून लावा हं." वडील ते सूचनेच्या सुरात म्हणत, मी दिलगिरीच्या आणि बायको 'मी या घरात नंतर आले आहे' अशा सुरात. बहिणीला बघायला आलेल्या मुलाने न सांगता पहिल्याच फटक्यात दार उचलून लावलं. वडिलांनी पत्रिका न बघता होकार दिला. त्याच्या घरी १९६८ ची फियाट होती हे मागाहून कळलं. आईच्या तोंडी तर ते वाक्य इतकं बसलंय, की नातवाच्या कोऱ्या करकरीत गाडीतून उतरतानाही ती ते म्हणते आणि नातू बिचारा दाराला काय झालं म्हणून खाली वाकून बघतो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर 'डुक्कर फियाट'वाले रागावतील. पन्नासच्या दशकातली जी गोल नाकाची फियाट ११००, तिला तिच्या नाकाडावरून लोकांनी डुक्कर म्हटलं. तिची पुढची दारं उलटी उघडत, म्हणजे बिजागरी मागे आणि कुलूप पुढे. नऊवारीत उतरायला फार सोयीचं. पण चालत्या गाडीत कुलूप निसटलं तर वारा दार हिसकावून घेणार हे ठरलेलं. डुक्करवाले आम्हा पद्मिनीवाल्यांकडे जरा वरूनच बघतात. त्यांचं म्हणणं, "तुमची बिजागरी गेली तर दार लटकतं. आमची गेली तर दार सोडून जातं."

आमचं दार सोडून गेलं नाही, पण सूतभर उचलून भागेना. एकाने बाहेरून उचलायचं आणि दुसऱ्याने आतून ओढायचं, अशी पाळी आली. म्हणजे एकट्याने कुठे जायची सोय उरली नाही. तेव्हा गाडी स्वारगेटला नेली.

स्वारगेट म्हणजे पुणेकरांच्या दृष्टीने पुढे कुठेतरी जायची जागा. साताऱ्याची, कोल्हापूरची, सांगलीची गाडी पकडायची, नाहीतर कात्रजची. २००६ साली इथूनच बीआरटी सुरू झाली, २०२४ च्या सप्टेंबरात जमिनीखालून मेट्रो आली. तिची दारं आपोआप उघडतात, आपोआप लागतात आणि ती उचलावी लागत नाहीत म्हणून आई पहिल्या प्रवासात अस्वस्थ होती. पण एसटी स्टँडच्या पाठीमागे शंकरशेट रस्ता आणि मुकुंदनगरच्या मधल्या गल्ल्यांत अजून असे काही लोक बसतात ज्यांना कुठेच जायचं नसतं. आमचे मिस्त्री त्यातले. एसटीतून निवृत्त. दापोडीच्या कार्यशाळेत बसचा पत्रा ठोकण्यात उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे छोट्या गाडीच्या दाराला ते 'झाकण' म्हणतात.

मिस्त्रींनी बिजागरीकडे बघितलंसुद्धा नाही. दार अर्धं उघडलं, कड धरून वर उचललं, सोडलं. टक्. पुन्हा उचललं. टक्.

"प्ले आलाय."

"किती?"

"आलाय."

मग त्यांनी एक बोट बिजागरीवर ठेवलं आणि मला दार हलवायला लावलं. त्या बोटाला जे कळतं ते कळायला परदेशात यंत्र लावत असतील. "पिन हलत असली तर लेथवाल्याचं काम," ते म्हणाले. "हिंजच हलत असली तर स्क्रूचे आटे गेलेत. आणि खांब हलत असला..."

"तर?"

"तर तुम्ही आधी बसून घ्या, साहेब."

खांब हलत नव्हता. या गाड्यांत पुढच्या खांबाच्या पायथ्याशी पावसाचं पाणी आणि चिखल साठतो आणि पत्रा आतून कुजतो. मग बिजागरी नवी घातली तरी ती धरणार कशाला! आमचा खांब शाबूत निघाला तेव्हा मिस्त्रींना थोडी निराशा झाल्याचं मला दिसलं.

दार वर आणायची एक झटपट रीतही आहे, ती आधीच्या एका गॅरेजात मला सुचवली गेली होती. बिजागरीच्या फटीत लाकडाचा ठोकळा धरायचा आणि दार जोरात दाबायचं. बिजागरी वाकते, दार वर येतं, पैसे द्यायचे, घरी जायचं. पिनेतली झीज तशीच राहते, त्यामुळे पावसाळा संपायच्या आत दारही खाली आणि बिजागरीही वाकडी. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले. एसटीत तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या "हं"मध्ये पुष्कळ मजकूर असतो.

पिन काढणं हा काही तासाभराचा कार्यक्रम नव्हे. चाळीस वर्षं गंजून बसलेली ती. रात्रभर तेल सोडून ठेवलं. सकाळी गॅसच्या ज्योतीने बिजागरी शेकली, कारण तापल्यावर ती किंचित फुलते आणि पकड सोडते. मग खालून पंच लावून हातोडी. त्याआधी बिजागरीच्या कडेने खांबावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली, म्हणजे परत बसवताना जागा चुकायला नको. दाराखाली जॅक, जॅकवर फळी, फळीवर गोणपाट. अशा थाटात आमच्या वडिलांचं दार गाडीपासून वेगळं झालं आणि जॅकवर एकटं उभं राहिलं. ते उचलून बाजूला ठेवायला दोघं लागले. वडील असते तर म्हणाले असते, "बघा, पत्रा!"

निघालेली पिन मधोमध कमरेत बारीक झाली होती. ती घेऊन भवानी पेठेत लेथवाल्याकडे गेलो. लेथवाल्याने पिन हातात घेऊन विचारलं, "माप कुठलं धरू?" प्रश्न बरोबर होता. झिजलेल्या जागेचं माप धरलं तर नवी पिन जन्मतःच झिजलेली होईल. पिनेचा जो टोकाचा भाग बिजागरीत घट्ट बसलेला असतो, तो फिरत नाही म्हणून झिजत नाही. त्या टोकाला व्हर्नियर लावलं की मूळ माप मिळतं. मग लंबगोल झालेलं भोक रीमरने मोठं पण गोल करायचं, त्यात पितळी बुश ठोकायचा आणि बुशमध्ये नवी पोलादी पिन. पितळ मऊ, पोलाद कडक. म्हणजे यापुढे झिजायचं काम बुशकडे, आणि बुश बदलणं स्वस्त. घरातलं झिजायचं काम कुणाकडे द्यावं हेही इतकं आधी ठरवता आलं असतं तर, असं लेथवाला म्हणाला नाही; ते माझ्या मनात आलं.

तोवर गल्लीत प्रेक्षक जमले होते. साताऱ्याची गाडी सुटायला वेळ असलेला माणूस स्वारगेटला काय करणार? पद्मिनीचं दार काढलेलं दिसलं की तो थांबतो आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं येतं: "आमच्या मामांकडे अशीच होती." मी ऐकत आलोय त्यावरून महाराष्ट्रात जेवढ्या फियाट विकल्या गेल्या त्याहून जास्त मामांकडे होत्या. सगळ्या मामांची गाडी मलई रंगाची, सगळ्या मामांनी ती महाबळेश्वरला नेलेली आणि सगळ्या मामांनी ती 'मातीमोल किमतीला' विकलेली. एक कोल्हापूरवाले तर मामांच्या गाडीचं दारही असंच लटकायचं, असं सांगता सांगता हळवे झाले. त्यांनी दाराची कड धरून जरा उचलून बघितली. बाजूला काढून ठेवलेलं होतं, तरी.

दुसऱ्या दिवशी दार बसलं. काडेपेटीची पट्टी दुमडून मिस्त्रींनी चारी बाजूंची फट मोजली. सगळीकडे सारखी. वर दार, खाली उंबरा, रेषेत रेष. आणि दार लागेना.

जुन्या गाडीबद्दलचं माझं जे काही ज्ञान आहे ते या क्षणी सुरू होतं. चाळीस वर्षांत गाडीच्या झिजलेल्या भागांनी आपसांत समझोता केलेला असतो. एकत्र कुटुंबात थोरल्या जावेचा राग, धाकटीचा अबोला आणि सासूबाईंचा बहिरेपणा यांची मिळून जशी एक शांतता नांदते, तशी. कुणी भला माणूस सासूबाईंना कानाचं यंत्र आणून देतो आणि घर फुटतं.

आमचं असंच झालं. दार खाली बसलं तेव्हा कधीतरी कुणीतरी खांबावरची कुलपाची पट्टी, म्हणजे स्ट्रायकर, स्क्रू ढिले करून तेवढीच खाली सरकवली होती. आता दार शहाण्यासारखं जागेवर आलं तर कुलूप पट्टीच्या वर आपटायला लागलं. पट्टी वर घ्यायला गेलो तर तिचे आटे गेलेले. नवे आटे पाडले. दार लागलं, पण चौकटीचं रबर इतकी वर्षं एका जागी दबून तिथे खोबण पडलेली, त्यामुळे आता वरच्या कोपऱ्यात फट. पहिल्याच पावसात माझा उजवा खांदा भिजणार. नवं रबर आणलं. ते जाड. दार लागेना. जाड रबराला जागा व्हावी म्हणून पट्टी जरा बाहेर. दार लागलं, तर काच वर जाईना, कारण काचेची खाच लटकत्या दाराशी जुळवून घेत वाकडी झालेली. काच सरळ केली. मग मी दार पूर्ण उघडलं आणि ते भेलकांडत जाऊन मडगार्डवर आदळलं. दार अडवणारी पट्टी कधीच तुटलेली होती. इतके दिवस दार खाली घासत होतं म्हणून अडत होतं!

याहून वाईट म्हणजे शांतता झाली. दाराचा खडखडाट थांबला आणि त्यामागे लपलेले सगळे आवाज पुढे आले. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या खालच्या दांड्याला. तिथून तो बऱ्याच सांध्यांतून गिअरबॉक्सपर्यंत पोचतो आणि प्रत्येक सांध्यात बुश. ते सगळे खुळखुळत होते. त्रिकोणी काचेची खिटी वाजत होती. १०८९ सीसीचं इंजिनही काहीतरी सांगत होतं, पण मी मिस्त्रींना ते ऐकू येणार नाही अशा बेताने मोठ्याने बोलत राहिलो.

दार अडवणाऱ्या पट्टीसाठी भटकंती झाली. नाना पेठेत दुकानदाराने 'पद्मिनी' हा शब्द ऐकून आतल्या म्हाताऱ्या वडिलांना हाक मारली, हे सन्मानाचं वाटलं. वडिलांनी मान हलवली. बुधवार आणि रविवारच्या जुन्या बाजारात तीन पट्ट्या मिळाल्या, तिन्ही अॅम्बेसेडरच्या निघाल्या. शेवटी कुर्ल्याला एका भंगारवाल्याकडे सापडली. त्यात एक न्याय आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना कुर्ल्यातच होता, पद्मिनी तिथेच जन्मली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी पद्मिनी होत्या तोवर सुट्या भागांना तोटा नव्हता, असं भंगारवाला म्हणाला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर, २०२३ च्या ३० ऑक्टोबरपासून, मुंबईत ती टॅक्सी म्हणून उरली नाही. त्यानंतर पट्टीचा भाव सोन्यासारखा झाला असं त्याचं म्हणणं. भाव त्याने तसाच लावला.

इंग्लंडात असल्या कटकटी नाहीत म्हणे. एमजीबी ही गाडी तिकडे १९८० साली बनायची थांबली आणि १९८८ पासून तिची अख्खीच्या अख्खी नवी बॉडी, जुन्याच साच्यांवर काढलेली, विकत मिळायला लागली. बिजागऱ्यांसकट. मी हे मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "मग मिस्त्री काय करतात तिकडे?"

सरकारनेही जुन्या गाड्यांचा विचार केलेला आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' ठरते, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नंबरात 'व्हीए' अक्षरं. आमची अजून त्या वयाची नाही. म्हणजे नवी नाही, जुनी नाही, नुसती म्हातारी आहे. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरायची नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. नियम करणारा माणूस जाणकार असला पाहिजे. आमची गाडी फार पूर्वीपासून पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीलाच बाहेर पडते.

तेवढं प्रदर्शन राहिलं होतं, तेही झालं. ओळखीतल्या काही जुन्या गाडीवाल्यांनी रविवारी सकाळी सारसबागेबाहेर जमायचं ठरवलं. दोन फियाट, एक स्टँडर्ड हेराल्ड, एक अॅम्बेसेडर आणि बघायला आलेले अनेक भाचे. त्यांत एक सदाशिव पेठी गृहस्थ होते, जे स्वतःकडे गाडी नसताना सगळ्यांच्या गाड्या तपासतात. त्यांनी आमच्या पद्मिनीचं बॉनेट बघितलं नाही, डॅशबोर्ड बघितला नाही. सरळ ड्रायव्हरचं दार उघडलं आणि सवयीने कड धरून उचलायला गेले. दार उचललं गेलं नाही. त्यांनी ते एका बोटाने लोटलं. टक्. लागलं.

त्यांचा चेहरा उतरला. पुन्हा उघडलं, पुन्हा लोटलं. टक्.

"दार बदललंत?"

"नाही हो. तेच आहे. नुसत्या पिना आणि बुश."

"तेच नसणार." त्यांनी बाकीच्यांना बोलावलं. आळीपाळीने सगळ्यांनी दार लावून बघितलं. "फियाटचं दार असं लागत नाही. ओरिजिनल पीस नाही हा." हेराल्डवाल्यांनी सहानुभूतीने माझ्या पाठीवर हात ठेवला. कुणीतरी म्हणालं, व्हिंटेजच्या वेळी अडचण येईल बघा, मूळ रूपातच हवी असते गाडी.

सोमवारी गिअरच्या बुशसाठी स्वारगेटला गेलो तेव्हा मिस्त्रींच्या कानावर हे घातलं. त्यांना राग वगैरे आला नाही. पान्याने हातावरचं ग्रीस खरवडत म्हणाले, "देतो की परत ढिलं करून. घालायला घेतले तेवढेच काढायला पडतील."